गाववाले भावोजी

आमचे भावोजी जन्मले गिरगावात, वाढले डोंबिवलीत, पण गाव विचारलं की ठणठणीत उत्तर येतं, "मालवण." तिथल्या वडिलोपार्जित घराला वर्षाचे तीनशेसाठ दिवस कुलूप असतं. उरलेले पाच गणपतीचे. आम्ही साताऱ्याकडचे, म्हणजे त्यांच्या लेखी समुद्र फक्त कॅलेंडरावर पाहिलेली माणसं. यंदा डिसेंबरात "जरा निवांत समुद्र दाखवतो" म्हणून त्यांनी आमची वरात नेली.

धक्क्यावर पाय पडताच त्यांची भाषाच बदलली. होडीवाल्या पोराला म्हणाले, "खंयचो रे तू? आमी हयचेच. गाववाल्यांका तिकीट लागणा नाय मां?"

पोरगा अदबीनं म्हणाला, "काका, तिकीट सगळ्यांना आहे. आणि लाइफ जॅकेट घालून घ्या."

भावोजींनी ते उलटं घातलं. तिकिटं मी काढली.

होडी सिंधुदुर्ग किल्ल्याकडे सुटताच भावोजी बोट तोंडात ओलं करून वाऱ्याची दिशा सांगू लागले. मोटारीच्या होडीला तिचा काय उपयोग, हे विचारायची आमच्यात कुणाची प्राज्ञा नव्हती. बहीण तर लग्नापासून गप्पच आहे.

सिंधुदुर्गाची खरी गंमत त्याच्या महादरवाजात आहे. बुरुजांच्या वळणात तो असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर पाया घातला, तो समुद्रावरच्या शत्रूंना जरब बसावी म्हणून. दरवाजाच्या चकव्यात भावोजीही सापडले. "थंय बघ दरवाजो!" म्हणत त्यांनी तीन वेळा तीन ठिकाणची नुसती तटबंदी दाखवली. होडी दरवाजाशी लागली तेव्हा म्हणाले, "हां, ह्योच म्हणत होतंय."

किल्ला ४८ एकर, आणि परतीच्या होडीला तासाभराची मुदत. तेवढ्यात भावोजींनी इतिहास उरकला. पायाच्या दगडांत शिसं ओतलंय, हे खरं. ते ओतणाऱ्यांत त्यांचे पूर्वज होते, ही भर. महादरवाजापाशी एक पूर्वज होते, शिवराजेश्वराच्या देवळापर्यंत चार झाले. गोड्या पाण्याच्या विहिरी त्यांनी दूधबाव, साखरबाव आणि तूपबाव अशा सांगितल्या. भाच्यानं पाटी वाचून "दहीबाव" म्हटलं, तर म्हणाले, "पूर्वी तूपच होतं."

परतताना ऊन उतरलं होतं. सुकाणूवरचा पोरगा बराच वेळ भावोजींकडे बघत होता. मग एकदम म्हणाला, "काका, तुमी चिंचेकडच्या त्या बंद घराचे काय?"

भावोजी दचकले. "हो. आपण कसं ओळखलंत?"

"औंदा तुमचो फणस बरो लागललो. गरे गोड होते."

"असं का? वा, छान झालं," भावोजी शुद्ध डोंबिवलीत म्हणाले, आणि लाइफ जॅकेट काढून सुलट घालू लागले.