वसमतला सहा तास : स्थळदर्शनाची शास्त्रशुद्ध पद्धत

वसमतला पर्यटक म्हणून कुणी जात नाही. माणसे जातात ती लग्नाला, दशक्रियेला, मुलगी पाहायला, बँकेच्या तपासणीला, नाहीतर बदलीची ऑर्डर खिशात घालून. पण परतीच्या गाडीला सहा तास उरले की यांतल्या प्रत्येकाच्या अंगात पर्यटक संचारतो आणि समोर दिसेल त्याला विचारतो, "इथं बघण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न तोंडातून गेला की निम्मा दिवस गेलाच म्हणून समजावे. तो जाऊ नये म्हणून ही मार्गदर्शिका. उदाहरणादाखल हिंगोली जिल्ह्यातले वसमत घेतले आहे. अमळनेरला जाणाऱ्यांनी आणि परवडत असल्यास लंडनला जाणाऱ्यांनीही हीच पद्धत वापरावी.

नियम १ : गावाला गावाबद्दल विचारू नये

वरील प्रश्नाचे वसमतमधले उत्तर ठरलेले आहे : "इथं काय हाय बघायला? औंढ्याला जाऊन या की." औंढ्यात विचाराल तर नरसीचे नाव निघेल, नरसीत विचाराल तर नांदेडचे. असे विचारत विचारत माणूस देशाच्या सीमेपर्यंत जाईल. यात गावकऱ्यांचा दोष नाही. ज्या रस्त्यावर आपली उधारी आहे तो रस्ता प्रेक्षणीय असू शकतो, हे कुणाच्या मनातही येत नाही.

योग्य प्रश्न असा : "आज गर्दी कुठं आहे?" याचे उत्तर पानटपरीवालाही पत्त्यासकट देतो. बाजाराचा वार असेल तर बाजार, लग्नसराई असेल तर कापडाचे दुकान, आणि हळदीचा हंगाम असेल तर मोंढा, म्हणजे शेतमालाचा घाऊक बाजार. आपले काम एवढेच की ज्या दिशेला माणसे निघाली आहेत त्या दिशेला निघायचे.

नियम २ : मेहुण्यांचा कार्यक्रम नम्रपणे नाकारावा

प्रत्येक यजमानाला एक मेहुणे असतात आणि मेहुण्यांकडे गाडी असते. ते बोटांवर मोजत म्हणतात, "औंढा नागनाथ करू, येताना सिद्धेश्वर धरण, नरसी नामदेव, अन् तिकडून नांदेडला गुरुद्वारा. संध्याकाळी तुम्ही गाडीत!" यातले एकही ठिकाण टाकाऊ नाही, आणि इथेच मेख आहे. औंढा वसमतच्या उत्तरेला पंचवीस-तीस किलोमीटरवर, नांदेड आग्नेयेला चाळीसेक किलोमीटरवर. म्हणजे आधी एका दिशेला जायचे, मग निघालो तिथेच परत यायचे आणि मग उलट्या दिशेला सुटायचे.

नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबची तर अशी वासलात लावूच नये. गुरु गोविंदसिंगांचा देह १७०८ साली तिथे पडला आणि महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात तिथली आजची वास्तू उभारली. ज्या ठिकाणी पंजाबातून एवढा लांबचा प्रवास करून लोक येतात, तिथे आपण "पंधरा मिनिटांत उरकू" म्हणत जायचे, हे बरे दिसत नाही.

यासाठी एक साधे सूत्र आहे. गाडीत बसलेला वेळ आणि जागेवर पाय टेकलेला वेळ यांचा हिशेब मांडावा. पहिला दुसऱ्याहून मोठा निघाला तर आपण गाडीचा डॅशबोर्ड पाहायला गेलो होतो, असे प्रामाणिकपणे घरी सांगावे.

नियम ३ : मोठे स्थळ एकच घ्यावे, पण मागूनही पाहावे

एवढे करूनही यजमानांचे मन मोडवत नसेल, तर फक्त औंढा घ्यावे. नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. गर्भगृह जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून, अंग चोरून, वाकून उतरावे लागते, आणि खाली एका वेळी मोजकीच माणसे मावतात. त्यामुळे इथली रांग कुणाच्या ओळखीने फार पळत नाही. घाईतल्या पर्यटकाला शिस्त लावण्याची ही यादवकालीन सोय समजावी.

दर्शन झाले की बहुतेक लोक चपला शोधू लागतात. तसे करू नये. देवळाला बाहेरून पूर्ण फेरी घालावी. खालचा भाग दगडी, कोरीव, मूर्तींनी आणि हत्तींनी भरलेला. वरचा भाग नंतर बांधलेला, साधा. एकाच देवळात दोन काळ एकावर एक बसलेले इथे उघड्या डोळ्यांनी दिसतात. त्याला मार्गदर्शक लागत नाही, मान वर केली की पुरते.

फेरी घालण्याचे शास्त्रीय कारणही आहे. कथा अशी की संत नामदेवांना कीर्तन करताना देवळासमोरून उठवून मागे पाठवले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी मागे का, याचे उत्तर इथले लोक हेच देतात. म्हणजे मागची बाजू समोरची ठरू शकते, हे या पंचक्रोशीला फार पूर्वीपासून माहीत आहे. दुसरी कथा विसोबा खेचरांची. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांवर नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंडी. संतवाङ्मयाचे अभ्यासक या कथेचा अर्थ अधिक अधिकाराने सांगतील. आमच्या मर्यादित विषयापुरते एवढेच, की 'इथे काही बघण्यासारखे नाही' या तक्रारीचा निकाल औंढ्यात कधीच लागलेला आहे.

नियम ४ : गाव ज्यावर जगते ते आधी पाहावे

आता मुख्य विधी. पुण्यात जसे गणपती, तशी वसमतमध्ये हळद. 'वसमत हळदी'ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी २०२२ मध्ये हळदीचे संशोधन आणि प्रशिक्षण यांसाठी बाळासाहेब ठाकरे हरिद्रा केंद्र इथे मंजूर झाले. पण मानांकनाचा कागद पाहून नाक चुरचुरत नाही. त्यासाठी हंगामात, म्हणजे मार्चनंतरच्या उन्हाळ्यात, मोंढ्यात जावे लागते.

पूर्वतयारी : पांढरा शर्ट घालू नये. घातला असल्यास त्याला निरोप द्यावा. रुमाल दोन घ्यावेत, एक शिंकण्यासाठी आणि एक पहिला भिजल्यावर. हमाल पोते पाठीवर घेऊन येत असेल तर तो "बाजू" म्हणण्याआधीच बाजूला व्हावे. तुमचे स्थळदर्शन लवकरच पूर्ण होणार आहे, त्याला मात्र अजून शंभर पोती उचलायची आहेत.

मग बीट, म्हणजे लिलाव, पाहावे. शेतकऱ्याचा माल समोर ओतलेला असतो : लांबट ती कांडी, गोल तो गट्टू. खरेदीदारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतो. एकजण कांडी उचलतो आणि मोडतो. कट्कन आवाज आला तर माल वाळलेला. मोडलेल्या तोंडाचा रंग पाहून भाव वर किंवा खाली. एवढ्या क्षणात वर्षाचा निकाल. ढिगाजवळ जो माणूस काहीच न बोलता उभा दिसतो, तो त्या हळदीचा मालक. त्याच्याकडे बघावे, फोटो मात्र विचारूनच काढावा.

त्या शांत उभ्या माणसामागचे गणित माहीत असले तर बीट अधिक कळते. हळद मे-जूनमध्ये लावतात आणि आठ-नऊ महिन्यांनी खणतात. मग ती कुकरमध्ये शिजवतात, उन्हात दहा-पंधरा दिवस वाळवतात, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात. पाच क्विंटल ओल्या हळदीची जेमतेम एक क्विंटल वाळकी उरते. वाळवणीत अवकाळी पाऊस आला की रंग गेला, आणि रंग गेला की कट्कन आवाजाचाही उपयोग नाही.

जगाचाही थोडा संबंध यजमानांना ऐकवावा म्हणजे आपण अभ्यास करून आलो असे वाटते. हळदीने जखम बरी होते, या शोधाचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना भारताच्या सीएसआयआर या संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पुरावा म्हणून जुने ग्रंथ आणि छापील निबंध जोडावे लागले. कापलेल्या बोटावर हळद दाबणारी वसमतची आजी साक्षीला चालली नसती, कारण तिचा निबंध कुठे छापलेला नव्हता.

हंगाम नसेल तर? तर पूर्णेच्या कालव्यावरचा ऊस पाहावा, नाहीतर तालुक्यातल्या गिरगावला जाऊन केळीच्या बागा पाहाव्यात. मुंबईकरांनी तिथे चौपाटी शोधू नये.

नियम ५ : पाट्या वाचाव्यात

गावातल्या संस्थांची नावे म्हणजे फुकटचे संग्रहालय. वसमतच्या महाविद्यालयाला हैदराबाद मुक्तिसंग्रामातले हुतात्मा बहिर्जी यांचे नाव आहे. उरलेल्या बहुतेक भारताला १५ ऑगस्ट १९४७ ला मिळालेले स्वातंत्र्य या भागात १७ सप्टेंबर १९४८ ला पोचले. मधल्या तेरा महिन्यांत काय झाले, हे कॉलेजच्या फाटकासमोर चहा पिताना एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारावे. ते आधी "कुठून आलाव?" विचारतील. उत्तर द्यावे आणि मग मध्ये बोलू नये.

नियम ६ : काही गोष्टी स्थळ नसतात

तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. २१ मार्च २०२४ ला या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंपही झाला. "एकदा आवाज ऐकून येऊ" असे म्हणणारा सोबती भेटल्यास त्याला मेहुण्यांच्या गाडीत बसवून धरणावर पाठवावे. ज्या आवाजाने लोक मुलाबाळांसह रात्री अंगणात येतात, तो पाहुण्यांच्या करमणुकीसाठी नसतो.

नियम ७ : जेवण हेही स्थळ, पण त्याची यादी करू नये

सकाळी मुरमुऱ्यांची सुशीला मिळाली तर खावी, दुपारी ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी. 'इथली स्पेशालिटी काय?' असे हॉटेलात विचारल्यास पनीर मिळते. शेजारच्या टेबलावरचा ट्रकवाला काय खातो आहे ते बघून बोट दाखवावे.

निकाल

सहा तासांचा हिशेब असा : एक औंढा किंवा एक मोंढा, एक पाटी, एक म्हातारे गृहस्थ, एक ताट. एवढ्यात गाव संपत नाही, पण जी ठिकाणे खास पाहुण्यांसाठी मांडलेली असतात त्यांच्यापेक्षा हे नक्कीच जास्त आहे. मोंढ्यात तुम्ही गेला नसता तरी बीट झालेच असते, आणि म्हणूनच ते पाहण्यासारखे. रेल्वेने येणाऱ्यांनी तिकीट काढताना 'बसमत' शोधावे. आणि त्याआधी यजमानांना फोन करून मोंढ्याला सुट्टी कधी असते ते विचारून घ्यावे, मेहुण्यांना कळणार नाही अशा बेताने.