स्वप्नांचं मस्टर

अतिवास्तववादी माणूस ओळखायचा कसा? बहुतेकांना वाटतं, मिशांवरून. पण त्या मिशा चित्रकार साल्वादोर दालीच्या, आणि दालीला या मंडळींनी केव्हाच बाहेरचा रस्ता दाखवला होता. अस्सल अतिवास्तववादी ओळखावा तो वक्तशीरपणावरून. १९२०-३०च्या काळात संध्याकाळी पॅरिसच्या प्लास ब्लांशवरच्या कॅफे सिरानोत जाऊन बसलं, की तो हमखास दिसे. अंगात कोट, गळ्यात टाय, भांग नीट पाडलेला. तर्कबुद्धीचं राज्य उलथून टाकायला निघालेला हा इसम रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कॅफेत, ठरलेल्याच माणसांत येऊन बसायचा. चार दिवस फिरकला नाही, तर गुरुजींच्या कपाळावर आठी.

गुरुजी म्हणजे आंद्रे ब्रेतों. पंथाचं घर त्यांचं, ४२ रू फोंतेन, कॅफेपासून हाकेच्या अंतरावर. मूळचे वैद्यकीचे विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात मनोरुग्णांच्या इस्पितळात ड्यूटी लागली, तिथे बिथरलेल्या सैनिकांची बडबड ऐकता ऐकता त्यांना वाटलं, या असंबद्धतेत कवितेचा दारूगोळा आहे. बाहेर शहाणीसुरती, नकाशे आखणारी, हिशोबात पक्की माणसं लाखो पोरं मातीत घालत होती. त्यामुळे शहाणपणाची पत तशीही उतरलेली होती. १९२४ साली ब्रेतोंनी जाहीरनामा काढला: बुद्धीचा पहारा उठवा, मन जे सांगेल ते उतरवून घ्या. आता, मनाला मोकळं सोडायला जाहीरनामा कशाला लागतो, हा प्रश्न मला पडतो. आपल्या या वक्तशीर माणसाला तो कधी पडला नाही.

जाहीरनाम्यापाठोपाठ आलं कार्यालय. १५ रू द ग्रनेल या पत्त्यावर 'अतिवास्तववादी संशोधन कार्यालय' थाटण्यात आलं. वेळ दुपारी साडेचार ते साडेसहा. जनतेने यावं, आपली स्वप्नं, विलक्षण योगायोग जमा करावेत, अशी सोय. छताला प्लास्टरची एक नग्न बाई टांगलेली, आणि तिच्या खाली टेबलावर वही. रोज दोघांची पाळी. कोण आलं, काय बोललं, कोण कामाला आलं नाही, सगळं त्या वहीत टिपायचं. आपला माणूस हाडाचा क्रांतिकारक, पण त्या वहीपुढे बसला की गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी व्हायचा. जनतेने मात्र स्वप्नं फारशी आणली नाहीत. पुढच्या जानेवारीतच कार्यालयाचं दार लोकांना बंद झालं.

पंथाचं पत्र निघालं तेही वैज्ञानिक नियतकालिकाच्या वळणाचं, मुद्दाम रुक्ष. त्यात स्वप्नांचे वृत्तांत, प्रश्नावल्या आणि कामजीवनावरच्या चर्चेचं रीतसर इतिवृत्त. परीक्षा घेण्याची हौस या मंडळींना त्याआधीपासूनच होती. १९२१ मध्ये, पंथाचं बारसं व्हायच्या आधी, ब्रेतों, आरागों, एल्युआर वगैरे कवी पोरांनी जगातल्या थोरामोठ्यांना गुण दिले होते, उणे २५ पासून अधिक २० पर्यंत. ज्यांना शाळा जाळायची होती त्यांना आधी पेपर तपासायचे होते.

छायाचित्रकार मॅन रेने १९२४ मध्ये काढलेला एक फोटो आहे. स्वप्न सांगण्याची बैठक. पुरुष गंभीर चेहऱ्याने गोलाकार उभे आहेत आणि मधोमध टाइपरायटरवर बसली आहे सिमोन, ब्रेतोंची बायको. स्त्री ही साक्षात चमत्कार, गूढाचं द्वार, असं आपला माणूस उठता-बसता लिहीत असे. पण स्वप्नं पुरुषांची आणि टायपिंग बाईचं, ही वाटणी अबोध मनानेही मोडली नाही. पुढे १९३६ मध्ये मेरेट ओपेनहाइम या तरुणीने कप, बशी आणि चमचा हरणाच्या केसाळ कातडीने मढवला. या चळवळीतली लोकांच्या सर्वांत लक्षात राहिलेली वस्तू ती. ती करताना तिने कोणाच्या वहीत सही केली नव्हती.

झोप हा आपल्या माणसाचा धंदाच. साँ-पोल-रू हा जुना कवी निजायला गेला की दारावर पाटी लावायचा, कवी कामात आहेत. ही हकिकत ब्रेतोंनी जाहीरनाम्यात मोठ्या आदराने घातली आहे. १९२२ मध्ये हे लोक अंधारात हात धरून तंद्री लावत. कवी रोबेर देस्नोस त्यात इतका पटाईत, की डोळे मिटले की कविता सुरू. एकदा तर तो तंद्रीतच सुरी घेऊन एल्युआरच्या मागे धावला. मग ब्रेतोंनी हे प्रयोग बंद केले. अबोध मन जरूर मोकळं सोडावं, पण त्याने माणसांत कसं वागावं याला काही मर्यादा आहे!

आणि बहिष्कार. वाळीत टाकण्याइतका आनंद आपल्या माणसाला कशातच मिळत नसे. कवी सूपो गेला, नाटकवाला आर्तो गेला. १९२९ मध्ये देस्नोससकट आणखी बरेच गेले. त्या वर्षाच्या अखेरीस ब्रेतोंच्या घरी रने माग्रीत हा बेल्जियन चित्रकार बायकोला घेऊन आला होता. तिच्या गळ्यात क्रूस होता. तो काढा, असं फर्मान सुटलं. नवराबायको उठून चालते झाले. हा माग्रीत पोशाखाने बँकेतला कारकून वाटावा असा, आणि चित्रं काढायचा ती घरातल्याच खोलीत. पाइपचं चित्र काढून हा पाइप नव्हे असं त्याखाली लिहिणारा तोच. कोणाला हाकलायच्या भानगडीत न पडता त्याने त्या सगळ्यांपेक्षा जास्त माणसांची झोप उडवली, असं माझं मत आहे.

फेब्रुवारी १९३४ मध्ये पंथाने दालीवर खटला भरला. हिटलरबद्दल त्याला वाटणारं आकर्षण हा आरोप. आरोप हलका नव्हता, आणि विषय चेष्टेचाही नव्हता. दाली आला तो तोंडात थर्मामीटर घेऊन, अंगावर स्वेटरांवर स्वेटर चढवून. सर्दी झाल्याचं सांगत तो मधूनमधून ताप बघे आणि एकेक स्वेटर उतरवी. न्यायासनावरचे लोक संतापले. त्या खोलीत अतिवास्तववादी वागणारा माणूस एकच होता आणि आरोपीही तोच. पुढे त्याला काढलंच, आणि त्याच्या नावातली अक्षरं फिरवून ब्रेतोंनी त्याचं 'डॉलरहावरा' असं बारसं केलं.

ज्यांना ही मंडळी आजोबा मानत त्या मनोविश्लेषक फ्रॉइडची साक्षही ऐकण्यासारखी आहे. १९३८ मध्ये लंडनला दाली त्यांना भेटून गेला, तेव्हा त्यांनी पत्रात कळवलं, की आजवर मी या लोकांना ठार वेडे समजत होतो, म्हणजे अल्कोहोलसारखं म्हणा, ९५ टक्के.

पंथ आटला, पण वारा दूरवर गेला. आपल्याकडे १९५४ मध्ये निघालेल्या 'शब्द' या लघुनियतकालिकाच्या कवींना तो लागला. अरुण कोलटकरांच्या सुरुवातीच्या कवितांत तो जाणवतो. कोलटकर पोटासाठी जाहिरातीत होते हेही त्याला धरूनच झालं, कारण अतिवास्तववादाची खरी पेठ अखेर जाहिरातीतच भरली. माग्रीत स्वतः भावाबरोबर जाहिरातीची कामं करायचा. १९६७ मध्ये एअर इंडियाने दालीकडून ॲशट्रेचं डिझाइन करून घेतलं. हंस उलटा केला की हत्ती, असं काहीसं. मोबदला म्हणून त्याने मागितला एक हत्ती. कंपनीने खरोखरच पिल्लू विमानात घालून पाठवलं. या व्यवहाराचं व्हाउचर कोणत्या खात्यात लिहिलं असेल, याची कल्पना करून मी अनेकदा एकटाच हसलो आहे.

ब्रेतों १९६६ मध्ये वारले. ४२ रू फोंतेनमध्ये त्यांनी जन्मभर जमवलेली चित्रं, मुखवटे, दगड, पत्रं, हस्तलिखितं २००३ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात विकायला निघाली. कवी-कलावंतांनी निषेध केला, दाराशी खोट्या नोटा वाटल्या. आत प्रत्येक वस्तूला क्रमांक दिलेला होता, एकूण ४,००० हून अधिक. सगळे मिळून सुमारे ४ कोटी ६० लाख युरो आले.