लांब पल्ल्याची राखण : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक माळा, एक गोफण, ढीगभर ढेकळं आणि शेजाऱ्याशी बरे संबंध.

हंगाम. म्हसा गावाच्या आसपास दिवाळीच्या आगेमागे हळवं भात पिकतं. गरवं अजून हिरवंच असतं, त्यामुळे पंचक्रोशीतले पोपट तुमच्या हळव्यावर उतरतात. शिकायचं ते तेव्हाच. ‘म्हशाच्या जत्रेत दोरी बघून घेऊ’ म्हणत थांबू नये. जत्रा पौष पौर्णिमेला. तोवर भात कणगीत गेलेलं असतं.

पायरी १ : हत्यार. सुरुवात बंदुकीच्या स्वप्नाने करावी, सगळेच करतात. अमेरिकेत पिकाची नासधूस करणाऱ्या प्राण्यांवर दोन-तीनशे मीटरवरून रायफल चालवतात. गोळी ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची घ्यावी की जड, यावर तिथे मैत्र्या तुटतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेतो खरा. अर्ज करा, पोलिसांचा अहवाल येऊ द्या. तो येईस्तोवर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ वाचा : रानडुक्कर परवानगीशिवाय मारता येत नाही आणि मोराकडे तर वाकड्या नजरेनेही बघायचं नाही. एवढं वाचून झालं की गोफण विणायला घ्या.

पायरी २ : गोफण. सुताची किंवा अंबाडीची. मध्ये विणलेली खोळ, दोन अंगांना दोन दोऱ्या. एकीचा फासा बोटात अडकवायचा, दुसरीचं टोक चिमटीत धरायचं. डोक्यावरून दोन फेरे द्यायचे आणि चिमटी सोडायची. चुकीच्या क्षणी सुटली तर दगड मागे माळ्यावर बसलेल्या काकांकडे जातो. सराव सुरू करण्याआधी काकांना खाली उतरवावं.

पायरी ३ : दारूगोळा. नवशिक्याला काळू नदीतला काळा गोटा आवडतो. लिंबाएवढा गोटा शंभरेक ग्रॅम भरतो आणि सरळ जातो. प्राचीन ग्रीक गोफणवाले शिशाच्या बदामी गोळ्या ओतून काहींवर ‘घे’ अशा अर्थाचा शब्द उठवत. हौस असल्यास गोट्यावर कोळशाने लिहावं. पोपटांना वाचता येत नाही, शेजाऱ्याला येतं.

पण गोटा पडतो तिथेच राहतो आणि कापणीला विळ्याची धार नेमकी त्याच्यावर बसते. वीटभट्टीवरचा तुकडा हलका आणि कोपऱ्यांचा. तो भलतीकडेच वळतो. म्हणून खाचरातल्या चिकण मातीचे गोळे करून वाळवावेत. गोळा पडला की फुटतो, लोंब्यांवर माती सळसळते, थवा उठतो आणि पुढच्या पावसात पुरावा विरघळतो. उपद्रवी जनावरांवर नेम धरणारे रायफलवालेही पातळ कवचाची, लागताच फुटणारी गोळी याच हिशेबाने घेतात. उसळून भलत्याच्या अंगणात गेलेली गोळी महागात पडते. तेव्हा ती किती लांब जाते हे नंतर बघा, पडल्यावर काय करते ते आधी बघा.

पायरी ४ : नेम. पोपटावर धरू नये. थव्याच्या अलीकडे गोळा टाकावा, म्हणजे थवा पलीकडे उडतो. पलीकडे शेजाऱ्याचं खाचर असतं. त्याची गोफण वाजली की थवा परत येतो. याला सहकारी राखण म्हणतात. पुढे मनगटाचा झटका साधला की मोकळी गोफणसुद्धा फटाक्यासारखी वाजते आणि दारूगोळा वाचतो.

पायरी ५ : रात्र. अंधारात गोफण खुंटीला टांगावी. रानडुकरांसाठी शेकोटी, बॅटरी आणि रिकामा डबा. एवढं करूनही ती जेवून गेलीच, तर तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवावं आणि पंचनामा होईपर्यंत उरलेल्या भाताला हात लावू नये.

शंका : नेम कधी बसेल?
उत्तर : शेवटचं हळवं कापून होईल त्या दिवशी. मग गरवंवाल्याकडे जावं. त्याला आता राखणदार लागणारच आहे, आणि त्याचे काका अजून माळ्यावरच आहेत.