नोटा मोजण्याची सोपी रीत
(होतकरू बातमीदारांसाठी)

मतमोजणीची पहिलीच ड्यूटी नंदुरबार जिल्ह्यात लागली? अभिनंदन! लोकसभेचा मतदारसंघ क्रमांक 1 नंदुरबार, विधानसभेचा क्रमांक 1 अक्कलकुवा. राज्याची यादी इथून सुरू होते. आपल्याला मात्र तक्त्याची शेवटची ओळ शिकायची आहे.

1. मतदाराच्या हातात पेन नाही, हे आधी लक्षात घ्या. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मतपत्रिकेवर रिकाम्या ओळीत हवं ते नाव लिहिता येतं. मिकी माऊसलाही मतं पडतात आणि ती कशी छापायची यावर तिथले लोक डोकं खाजवत बसतात. आपल्याकडे टपाली मतपत्रिकेवर ओळख पटेल असं काही खरडलं की मत बाद. नाराजाला एकच बटण, सगळ्यांत खालचं: नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर ते आलं.

2. शब्द जपून वापरा. 'नोटा वाढल्या' असा मथळा देऊ नका. याच जिल्ह्यातल्या खोंडामळीत सरपंचपदासाठी 42 लाखांची बोली लागली आणि 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. त्या नोटा वेगळ्या. 'नोटाला इतकी मतं' असं एकवचनात लिहा.

3. अनामतीचं गणित नोटा वगळून करा. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत, की उमेदवाराची अनामत जप्त. आदिवासी उमेदवाराची विधानसभेची अनामत 5,000 रुपये. नोटा वैध मतांत धरत नाहीत आणि त्याची अनामतही नसते. घालवण्यासारखं काही नसलेला रिंगणातला तो एकटाच.

4. नोटाला विजयी करू नका. लातूर ग्रामीणमध्ये 2019 ला तो चक्क दुसरा आला होता. पहिला आला असता तरी आमदार खालोखालचा उमेदवारच झाला असता. स्थानिक स्वराज्य संस्थांची गोष्ट निराळी: राज्य आयोगाच्या 2018 च्या आदेशानुसार तिथे नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. मात्र एकदाच.

5. 'नोटामुळे पडले' लिहिताना थांबा. याच जिल्ह्यातल्या नवापुरात 2024 च्या विधानसभेला निकाल जेमतेम अकराशे मतांच्या फरकाने लागला. अशा जागी हे वाक्य आपोआप सुचतं. पण नोटा नसता तर ती माणसं तुमच्याच उमेदवाराकडे गेली असती, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ती घरीही बसली असती.

6. कारण ठरवण्याचा तक्ता पाठ करा. पुण्यात नोटा वाढला: 'सुजाण मतदारांचा इशारा'. सातपुड्यातल्या धडगावात वाढला: 'अज्ञानातून चुकीचं बटण'. बटण तेच, यंत्र तेच. बदलतो तो फक्त लिहिणाऱ्याचा मुक्काम. पाठ झाला की तक्ता फाडून टाका. सातपुड्यातला माणूस डोंगर उतरून केंद्रावर येतो, बोटाला शाई लावून घेतो, सगळी नावं ओलांडून शेवटचं बटण दाबतो. तो चुकला असं ठरवायचं असेल, तर आधी त्याला विचारून या.

7. रात्री अकराला डेस्कवरून फोन येईल: "एक ओळ जास्त होतेय. नोटा 'इतर'मध्ये टाकू का?" जाहिरात कापा, असं सुचवू नका, नोकरी नवी आहे. एवढंच म्हणा, "इतर म्हणजे उमेदवार, साहेब. याने तर त्यांनाही नाही म्हटलंय."