ताळेबंद थाळीचा
हिवरे बाजार गावात दरवर्षी पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअरवेल घ्यायला तर बंदीच! शहरातल्या छोट्या हॉटेलवाल्याचं मात्र उलटं. आधी डिलिव्हरी ॲपवर नाव, हिशेब मागाहून. शंभराच्या थाळीमागे वीस-पंचवीस रुपये कमिशन जाणं नवलाचं नाही. वर जाहिरात, सवलतीतला वाटा आणि डब्याचे पैसे वेगळे. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून एप्रिल २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने झोमॅटो-स्विगीच्या चौकशीचा आदेश दिला. चौकशी चौकशीच्या गतीने झाली, कमिशन मात्र ऑर्डरीगणिक कापलं जातं. तरी हिवरे बाजारच्या गावकऱ्यांनी पाळलेल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र हॉटेलवाल्यांनी मनोभावे स्वीकारलंय: श्रमदान. तेही घरपोच!