सुट्टी पाहावी परक्याची

राष्ट्रीय सुट्टी मनासारखी भोगायची असेल तर ती दुसऱ्या राष्ट्राची असावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्या देशाचा दिवस साजरा करायचा असतो, आणि साजरं करणं हे काम आहे. त्याला वेळ असते, वर्गणी असते, इस्त्री केलेला पांढरा सदरा असतो. परक्याच्या राष्ट्रीय दिवशी आपल्याकडून कुणाचीही कसलीही अपेक्षा नसते. हे मत पारखून घ्यायला महापेसारखी जागा नाही. ठाणे-बेलापूर रस्ता आणि पारसिकचा डोंगर यांच्या मधल्या या एमआयडीसीत एकीकडे कारखाने आणि दुसरीकडे मिलेनियम बिझनेस पार्कातली संगणकाची ऑफिसं. इथल्या कित्येकांचं पोट साता समुद्रांपलीकडच्या कामावर चालतं, म्हणून इथल्या माणसाला दोन पंचांगं सांभाळावी लागतात : घरी भिंतीवर कालनिर्णय, ऑफिसात क्लायंटच्या सुट्ट्यांची यादी. आषाढी एकादशी कधी आहे हे त्याला आईला विचारावं लागेल, पण येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार त्याला तोंडपाठ असतो. कारण फ्रेंच क्लायंट गुरुवारच्या त्या सुट्टीला शुक्रवारची रजा जोडतो आणि बुधवारी संध्याकाळी ‘सोमवारी बघू या’ म्हणून एक भलंमोठं काम महापेच्या अंगावर टाकून समुद्रकिनारी निघून जातो.

फ्रान्सच्या राष्ट्रीय दिवसाची, १४ जुलैची गोष्ट मात्र न्यारी. त्या वेळी महापेत भर पावसाळा असतो, घणसोली स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळवणं हाच एक पराक्रम असतो. उन्हाळ्यात पॅरिस आपल्या साडेतीन तास मागे. म्हणजे इथे साडेबारा वाजतात तेव्हा तिथले लोक नऊ वाजताची कॉफी घेऊन जागेवर येतात आणि इकडे उघडलेला डबा पुन्हा बंद होतो. १४ जुलैला साडेबारा वाजतात आणि काहीही होत नाही. फोन वाजत नाही, ‘अर्जंट’ असा लाल शिक्का मारलेली मेल येत नाही. भाजी गरम असताना खाल्ली जाते, वर टपरीवरचा कटिंगही निवांत होतो. फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा एवढा थेट लाभ जगात आणखी कुणाला होत असेल असं वाटत नाही. पण हे झालं नुसतं व्याज. मुद्दल पॅरिसमध्ये आहे, आणि ज्याला कंपनी जुलैत ऑनसाइट पाठवते किंवा जो स्वतःच्या पैशाने सहलीला जातो, त्याने ते पूर्ण वसूल करावं.

आपल्या राष्ट्रीय दिवशी नेमकं काय होतं ते आधी प्रामाणिकपणे पाहू. २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने महाराष्ट्रात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या दिल्या. त्यांतल्या चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. त्या दिवशी सकाळी साडेसातला सोसायटीच्या आवारात खुर्च्या मांडल्या जातात. आठला झेंडा. झेंड्याची गाठ सुटत नाही, वॉचमन शिडी आणायला धावतो, चेअरमन त्या वेळात थकलेल्या मेंटेनन्सविषयी दोन शब्द बोलून घेतात. मग द्रोणातून वेफर्स आणि जिलबी. साडेनऊला माणूस घरी येतो तो थेट पंखे पुसायला. कारण सुट्टी आहे हे घरातल्या सर्वांना त्याच्या आधीपासून माहीत असतं. लग्न वधूपित्याच्या वाट्याला येत नाही, ते वऱ्हाडाच्या वाट्याला येतं. फ्रेंचांच्या १४ जुलैला आपण वऱ्हाड असतो.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा : सुट्टीच्या दिवशी परक्या गावात सगळं बंद असतं, मग करायचं काय? हा आक्षेप १ मेला लागू पडतो. फ्रान्समध्ये कायद्याने सर्वांना पगारी सुट्टी देणारा तो एकच दिवस, आणि ती ते मनापासून घेतात; त्या दिवशी लूव्र संग्रहालयाचं दारही बंद. रस्त्यात लिली-ऑफ-द-व्हॅलीच्या पांढऱ्या फुलांच्या जुड्या विकत बसलेली पोरं तेवढी भेटतात. १४ जुलैला उलट सारं शहर रस्त्यावर. लूव्रमध्ये त्या दिवशी सर्वांना फुकट सोडण्याची प्रथा आहे, मात्र मंगळवार नसावा, कारण मंगळवारी संग्रहालयाची आठवड्याची सुट्टी आणि तिच्यापुढे क्रांतीचंही काही चालत नाही. सकाळी शांझेलीझेवर संचलन. वरून निळा-पांढरा-लाल धूर सोडत विमानं जातात, खाली एकेक तुकडी मिनिटाला साधारण १२० पावलं टाकत सरकते. आणि शेवटी येते परदेशी नागरिकांची फॉरिन लीजन, मिनिटाला ८८ पावलं, घाई म्हणून नाही. तिच्या पुढे दाढीवाले धिप्पाड जवान : कमरेला कातडी एप्रन, खांद्यावर चकचकीत कुऱ्हाड. अण्वस्त्रं बाळगणाऱ्या देशाच्या राष्ट्राध्यक्षासमोरून ही मंडळी जंगलात सरपणाला निघाल्यासारखी, पण अत्यंत गंभीर चेहऱ्याने चालत जातात. कडेला उभ्या फ्रेंच माणसाला यात काही वावगं दिसत नाही. तो हे लहानपणापासून बघतो आहे. बघण्याची गंमत ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्याचीच.

दुसरा आक्षेप स्वाभिमानी माणसाचा : त्यांच्या दिवसाशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. १४ जुलै २००९ला मनमोहन सिंग पाहुणे होते आणि भारतीय सैन्यदलांची सुमारे ४०० जणांची तुकडी त्याच शांझेलीझेवर चालली. तिच्या अग्रभागी होती मराठा लाइट इन्फन्ट्री. म्हणजे आपली माणसं तिथे पाहुणी म्हणूनही गेली ती तालात पाय आपटायला. निवांत बसून पाहणं आपल्याला जमत नाही, हा माझ्या मुद्द्याला अनपेक्षित पुरावा. दुसरा धागा त्याहून जुना. बास्तीचा किल्ला फुटल्याच्या शताब्दीला, १४ जुलै १८८९ रोजी, पॅरिसमध्ये देशोदेशीच्या समाजवाद्यांची परिषद भरली आणि तिने पुढच्या वर्षीच्या १ मेला आठ तासांच्या दिवसासाठी सर्वत्र निदर्शनं करायचं ठरवलं. कामगार दिन जगभर गेला तो तिथून. आपल्या १ मेवर १९६० साली महाराष्ट्र राज्य येऊन बसलं, पण त्या तारखेची जन्मपत्रिका पॅरिसची आहे. गंमत अशी की १८९० साली युरोपातले कामगार पहिला मे दिन पाळून जेमतेम घरी पोचतात तोच, १० जूनला, मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे १८८४पासून ती मागत होते, रविवार हा खंडोबाचा वार, असंही त्यांनी मालकांना सुनावल्याचं सांगतात. सुट्टी पॅरिसची असो की परळची, कुणीतरी भांडल्याशिवाय मिळालेली नाही. तेव्हा महापेच्या माणसाने १४ जुलैला संकोचू नये. तो बिनबुलाया नाही, लांबचा का होईना, नातेवाईक आहे.

तिसरा आक्षेप विद्वानांचा आणि म्हणून सर्वांत लांबलचक : इतिहास ठाऊक नसलेल्याचा आनंद उथळ असतो. बरं, इतिहास पाहू. जुलमाचं प्रतीक म्हणून जो बास्तीचा किल्ला पॅरिसकरांनी १७८९ साली फोडला, त्यात त्या दिवशी कैदी निघाले सात. त्यांतले चार बनावट कागदपत्रं करणारे, दोन वेडे आणि एक घरच्यांनीच आत टाकलेला खानदानी दिवटा. खुद्द सोळाव्या लुईने त्या तारखेला डायरीत ‘काही नाही’ एवढंच लिहिलं. डायरी शिकारीची होती आणि शिकार झाली नव्हती. पुढे ९१ वर्षांनी, १८८० साली, राष्ट्रीय दिवस ठरवायची वेळ आली तेव्हा काहींना १७८९चा रक्तपात नको होता, त्यांना १७९०च्या १४ जुलैचा ऐक्याचा मेळावा बरा वाटत होता. मग कायद्यात नुसतं ‘१४ जुलै’ असं लिहिलं आणि साल गाळलं. ज्या सणाचं साल घरच्यांनीच मोघम ठेवलं, त्याच्या इतिहासाची परीक्षा पाहुण्याची घेणं हा अन्याय आहे. आपल्याकडे दिवाळीची पाच कारणं सांगता येतील, म्हणून चकली कुणी नाकारत नाही.

राहिली रात्र. १३ आणि १४च्या रात्री अग्निशामक दलाच्या केंद्रांमध्ये नाच असतो, ही प्रथा १९३७ साली मोंमार्त्रला सुरू झाली म्हणतात. दारात देणगीचं पिंप, आत बंबाच्या जागेवर वाद्यवृंद आणि स्वतः जवान बीअर ओततायत. नाचता न येणाऱ्या मराठी माणसाने इथेही बिचकू नये, गणपती विसर्जनाला चालतं ते इथे चालतं. आतषबाजी आयफेल टॉवरवर, पण रात्री अकराच्या सुमाराला, कारण जुलैत तिथे सूर्यच दहाच्या आसपास मावळतो. जागा पकडायची तर दुपारपासून गवतावर बसावं लागतं, पिशव्यांची झडती होते, आसपासची मेट्रो स्थानकं बंद ठेवतात आणि परतीची पायपीट ठरलेली. पण चर्चगेटला शेवटच्या लोकलसाठी धावलेल्या माणसाने पॅरिसच्या पायपिटीची तक्रार करावी हे शोभत नाही. सोबत दशमी आणि लसणाची चटणी असावी. शेजारचं फ्रेंच कुटुंब चीजचा डबा उघडतं त्या वासापुढे आपल्या चटणीने लाजायचं कारण नाही.

एक आक्षेप मात्र मला पुरता खोडता येत नाही. परक्याची सुट्टी भोगणाऱ्याला त्यांच्याच यादीप्रमाणे आपली सुट्टी सोडावी लागेल त्याचं काय? यातही नशिबाने बरीच साथ दिली आहे. १ मे तिकडेही सुट्टीच. १५ ऑगस्टलाही फ्रान्स बंद, मेरीमातेच्या स्वर्गारोहणासाठी, त्यामुळे ऑनसाइट गेलेल्याला भारताचा स्वातंत्र्यदिन परस्पर मिळून जातो. अडचण २ ऑक्टोबरची, आणि त्याहून मोठी २६ जानेवारीची. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष त्या दिवशी दिल्लीच्या संचलनाला पाहुणे म्हणून येऊन गेले, २०१६ला ओलांद, २०२४ला मॅक्राँ. परक्याची सुट्टी कशी भोगावी हे त्यांना बरोबर कळलेलं आहे. पॅरिसच्या ऑफिसात बसलेल्या महापेकराला मात्र त्या दिवशी रजेचा अर्ज करावा लागतो, आणि कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ असं लिहावं लागतं.