तटस्थ

भाऊकाकांनी विकिपीडियावर खातं उघडलं तेव्हा सदस्यनाव घेतलं 'तटस्थ'. आणि पहिलाच लेख लिहिला स्वतःच्या वडिलांवर.

"तात्या हे सांगलीचे थोर, ऋषितुल्य व व्यासंगी नाटककार होते," ही त्याची सुरुवात. यातल्या 'सांगलीचे' या शब्दाबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. तात्यांनी हायस्कुलात गणित शिकवलं आणि उभ्या आयुष्यात एक संगीत नाटक लिहिलं. प्रयोग तीन. तिसऱ्याला प्रेक्षक बहुतेक आम्हीच होतो, म्हणजे आमचं घराणं.

अर्ध्या तासात कुणीतरी 'थोर'च्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'संदर्भ हवा' असं चिकटवलं. काकांचा मला फोन. "हा कोण टिकोजीराव माझ्या बापाचा पुरावा मागणारा?"

गंमत अशी की काका बँकेतून निवृत्त. सही जुळत नाही म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्याला त्याचेच पैसे काढायला तीनदा हेलपाटे घालायला लावले होते. तो समोर उभा राहून "अहो, मीच तो" म्हणत होता, आणि काका म्हणत होते, "ते झालं, पण कागद?"

हितसंघर्ष ही भानगड मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावायला गेलो. "काका, मेव्हण्याच्या कर्जाचा अर्ज तुम्ही स्वतः मंजूर करायचात का?"

"छे! सरळ दुसऱ्याच्या टेबलावर."

"मग?"

"मेव्हणा आणि बाप एकच का रे?"

मी दाखले दिले. विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःवरच्याच लेखात ढवळाढवळ केली; लॅरी सँगर हे सहसंस्थापक, हा उल्लेख त्यांना खुपत होता. २००५ साली ते उघडकीला आलं आणि त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. २०१२ साली फिलिप रॉथ या अमेरिकन कादंबरीकाराला आपल्याच कादंबरीच्या प्रेरणेबद्दलची माहिती दुरुस्त करायची होती. त्याला उत्तर मिळालं की लेखक म्हणून तुमचा शब्द मोठा, पण आम्हाला दुसरीकडचा आधार लागतो. शेवटी त्याने 'न्यूयॉर्कर'मध्ये भलंमोठं अनावृत पत्र प्रसिद्ध केलं, आणि मग ते पत्रच आधार झालं.

काकांनी यातून घ्यायचं ते घेतलं. "म्हणजे छापून आलं की चालतं!"

नातेवाइकाने लिहूच नये, अशी सक्त बंदी नाही. नातं उघड सांगावं, चर्चापानावर बदल सुचवावा, निर्णय इतरांवर सोडावा, एवढीच अपेक्षा. काकांनी नातं उघड केलं: "मी तात्यांचा ज्येष्ठ चिरंजीव असल्याने माझ्याइतकी खात्रीलायक माहिती अन्य कोणास असणार?" त्याखाली 'तटस्थ२' नावाच्या सदस्याने लगेच अनुमोदन दिलं. दोघांच्याही लिखाणात 'ऋषितुल्य'चा 'ऋ' एकाच तऱ्हेने चुकलेला होता.

लेख उडाला. 'उल्लेखनीयता नाही' हा शेरा काकांच्या फार जिव्हारी लागला. घरात दोन दिवस सुतक पाळल्यासारखं वातावरण. मग काका गनिमी काव्यावर उतरले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, या वाक्याला शेपूट फुटलं: "हीच परंपरा पुढे तात्यांनी नेली." कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते, बंगालच्या उपसागराला मिळते, आणि मध्ये सांगलीला तात्या ती रोज पोहून पार करत. आत्या म्हणते, तात्यांना पाण्याची भीती होती. सगळं उलटवलं गेलं. पानाच्या इतिहासात मात्र प्रत्येक फेरफार तारीखवार नोंदलेला आहे, आणि अशी खातेवही काकांनी नोकरीतसुद्धा ठेवली नसेल.

मला त्यांची दयाही येत होती. खोटं बोलावं असं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. तात्या गेले तेव्हा वर्तमानपत्रात आली ती फक्त पैसे भरून दिलेली चौकट. ती काकांना अजून सलते.

अखेर ते नगरवाचनालयात जाऊन बसले. जुन्या दैनिकांचे बांधीव गठ्ठे, धूळ, शिंका, असा आठवडा गेला. आणि सापडलं! परक्या माणसाने लिहिलेलं, छापील, नात्यागोत्याशी संबंध नसलेलं परीक्षण. पाच ओळी. दुसऱ्या अंकात प्रेक्षक पेंगू लागले आणि तिसऱ्यात उठू लागले, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

काकांनी तारीख, पान, स्तंभ असं सारं टिपून घेतलं. सांगलीच्या लेखात आता एकच वाक्य आहे: "तात्यांच्या नाटकाची तत्कालीन वृत्तपत्रांनी विशेष दखल घेतली." पुढे संदर्भाचा आकडा, बिनचूक. त्याला आजवर कुणी हात लावलेला नाही.

आत्याने नागपूरहून फोन केला. "भाऊ, मी पहिल्या रांगेत होते. दुसऱ्या अंकाला आईसुद्धा झोपली होती. तेही घाल की."

काका शांतपणे म्हणाले, "तू नातेवाईक. तुझं धरत नाहीत."